बर्लिन : एका प्रबंधाच्या वाटेने

परदेशातील शहराचे वर्णन म्हटले की भव्य इमारती, रुंद रस्ते आणि स्वच्छता यांची यादी ठरलेलीच असते. बर्लिनच्या बाबतीत ती यादी अपुरी पडते. हे शहर एकाच वेळी ऐतिहासिक आणि आधुनिक कसे, हे समजून घ्यायचे असेल, तर डॉ. इरावती कर्वे यांनी तेथे केलेल्या अभ्यासाचा मागोवा घेणे उपयुक्त ठरेल.

१७९१ मध्ये पूर्ण झालेल्या ब्रांडेनबुर्ग द्वारापासून पूर्वेकडे निघालेल्या ‘उंटर डेन लिंडेन’ या राजरस्त्यावर बर्लिन विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १८१० ची. आज ते हुम्बोल्ट विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. इरावतीबाईंनी येथून १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांचे संशोधन मात्र शहराच्या नैर्ऋत्येस, डालेम भागात चालले. तेथे १९२७ मध्ये मानववंशशास्त्राची एक संस्था सुरू झाली होती व ऑयगेन फिशर हे तिचे संचालक होते. गोऱ्या माणसाच्या कवटीची उजवी बाजू विशेष विकसित असते आणि त्यातच त्याच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व आहे, असे फिशर यांचे मत होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची मोजमापे घेतली. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष निघाला, आणि गुरूच्या मताविरुद्ध असूनही त्यांनी तोच प्रबंधात मांडला.

या प्रामाणिकपणाचे मोल पुढील इतिहासावरून कळते. १० मे १९३३ रोजी विद्यापीठासमोरील चौकात नाझी विद्यार्थ्यांनी हजारो ग्रंथ जाळले. त्याच वर्षी फिशर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. युद्धकाळात आउश्वित्झच्या छळछावणीतून डॉ. मेंगेले याने बळींचे अवयव डालेमच्या संस्थेकडे पाठवले. चुकीचा सिद्धान्त केवळ ग्रंथात राहत नाही. तो माणसांच्या जिवावर उठतो.

आजचे बर्लिन हे सारे झाकून ठेवत नाही. ग्रंथ जाळले त्या चौकात १९९५ पासून जमिनीखाली रिकाम्या कपाटांची एक खोली आहे. वीस हजार पुस्तके मावतील एवढी ती कपाटे काचेतून दिसतात. १९४३ च्या बॉम्बवर्षावात भग्न झालेल्या कैसर विल्हेल्म चर्चचा मनोरा तसाच ठेवून शेजारी १९६१ मध्ये नवे चर्च पूर्ण केले. त्याच वर्षी उभी राहिलेली आणि ९ नोव्हेंबर १९८९ रोजी खुली झालेली भिंत काही ठिकाणी मुद्दाम राखली आहे. डालेमची ती इमारत आता दुसऱ्या एका विद्यापीठाकडे असून तिच्यावर पूर्वेतिहास सांगणारा फलक आहे. तिच्या परिसरात २०१४ मध्ये व नंतर मानवी हाडांचे तुकडे सापडले. ती हाडे कोणत्या वंशाची, याची तपासणी पुन्हा न करता २०२३ मध्ये त्यांचे सन्मानाने दफन करण्यात आले. बर्लिनची आधुनिकता केवळ भुयारी रेल्वेत किंवा संसदभवनाच्या काचेच्या घुमटात नाही. ती या जाहीर कबुलीत आहे.

आपल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. येथील पाड्यांवर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बांधव राहतात. समाजशास्त्राचे विद्यार्थी पाहणीसाठी तेथे जातात. ‘हे लोक आळशी’, ‘यांना शिक्षणाची आवड नाही’ असे शेरे अनेकदा प्रश्नावली भरण्यापूर्वीच मनात तयार असतात. खरे तर वीटभट्टीवर स्थलांतर केलेल्या कुटुंबातील मूल शाळेत का दिसत नाही, याचे उत्तर जातीत नव्हे, तर त्या कुटुंबाच्या वर्षभराच्या रोजगारात शोधावे लागते.

आधी मोजावे, विचारावे, ऐकावे. निष्कर्ष मागाहून काढावा. तो प्राध्यापकांच्या किंवा पुस्तकाच्या मताविरुद्ध गेला, तरी पुराव्यानिशी व नम्रपणे मांडावा. इरावतीबाईंच्या प्रबंधातून घ्यायचा धडा हाच होय. त्यासाठी बर्लिनला जाण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यातील एखादा पाडाही पुरेसा आहे.