रुईवरील अळी व आपली मुले

शास्त्रभाग : २ तीमथ्य ३:१४-१५

देहूरोडच्या माळावर रुईच्या झुडपांभोवती एक नारिंगी फुलपाखरू संथपणे उडताना दिसते. त्याच्या पुढच्या पंखांची टोके काळी असून त्यांवर पांढरे ठिपके असतात. यास बिबळ्या कडवा म्हणतात. मिसर देशातील तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका थडग्याच्या भिंतीवरही याचे चित्र आढळले आहे.

याची मादी रुईच्या पानाखाली एकेक अंडे घालते. थोड्याच दिवसांत अळी निघते. ती प्रथम अंड्याचे कवच खाते, मग पाने. तिच्या अंगावर काळे, पांढरे व पिवळे पट्टे असतात. अनेकदा कात टाकून ती वाढते, शेवटी डोके खाली करून लोंबते आणि तिचा हिरवा किंवा गुलाबी कोष होतो. त्यातून फुलपाखरू बाहेर येते.

कित्येक उपदेशक कोषास कबरेची उपमा देतात. उपमा गोड खरी. परंतु कोष जिवंत असतो. तो मेला तर त्यातून काहीच निघत नाही. आपला प्रभू तर खरोखर मेला व उठला. म्हणून या कोषापासून आम्ही निराळाच धडा घेतो.

पंखांचा आरंभ कोषात होत नाही. अळी पाने खात असते तेव्हाच तिच्या शरीरात पंखांच्या सूक्ष्म पेशी असतात. शिवाय रुईच्या चिकातील कडू विष तिच्या अंगी साठते व फुलपाखरातही उरते. पक्ष्याने ते खाल्ले तर त्यास ओकारी येते, आणि पुढे तो त्या रंगाच्या वाटेस जात नाही. जे अळीने खाल्ले, ते फुलपाखराचे रक्षण करिते.

आईबापहो, लहान मुलास शास्त्रपाठ व प्रार्थना कडू वाटतात, तेव्हा "मोठा झाला म्हणजे शिकेल" असे आपण म्हणतो. परंतु उद्या तो चाकणच्या कारखान्यात जाईल. पगाराच्या दिवशी सोबती त्यास दारूच्या दुकानाकडे बोलावतील, आणि तेथे त्याचा हात धरावयास आपण नसू. बाळपणी त्याच्या अंगी जे मुरले तेवढेच त्याजजवळ असेल. तर ते आजच, नित्य व प्रीतीने भरवा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी पावसाळ्यात मुलांस रुईजवळ नेऊन पाने उलटून दाखवावीत. अळीस चिमटीत धरू नये, व चीक डोळ्यांस लागू देऊ नये.