जुन्या गाडीचं चाक: आधी माप, मग भाव

उज्जैनला टावर चौकात उभं राहून कुणी 'ओरिजनल फियाटचं रिम आहे, घ्या' म्हणालं, तर भाव विचारण्याआधी खिशातून टेप काढा. जुन्या चाकाच्या व्यवहारात पैसे बुडतात ते घासाघीस कमी केल्यामुळे नव्हे, तर भलत्याच गाडीचं चाक घरी आणल्यामुळे. शिंद्यांच्या काळापासून या गावात मराठी घरं आहेत, आणि एमपी 13 पाटीची पद्मिनी किंवा अॅम्बॅसडर अजून जपणारी माणसंही आहेत. हे लिहिणं त्यांच्यासाठी आहे.

पहिलं माप व्यासाचं. पद्मिनीला 14 इंची रिम आणि 5.20-14 टायर, अॅम्बॅसडरला 15 इंची रिम आणि 5.90-15, विलीज किंवा जुन्या महिंद्रा जीपला 16 इंची रिम आणि 6.00-16. फोक्सवॅगन बीटल 15 इंची, पहिली मारुती 800 बारा इंची. व्यास आणि रुंदी मोजायची ती टायरची कड जिथे बसते तिथे, बाहेरच्या ओठावर नाही. बाहेरून मोजलेलं चौदा इंची रिम हमखास पंधराच्या वर भरतं. बऱ्याच रिमवर '4½J×15' असा ठसा असतो. तारेच्या ब्रशने गंज काढला की तो दिसतो. बनवणाऱ्याचं नावही तिथेच सापडतं.

दुसरं माप बोल्टांच्या वर्तुळाचं, ज्याला गॅरेजमध्ये पीसीडी म्हणतात. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतलं अंतर घ्या. पाच असतील तर समोरासमोर भोक येत नाही. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजून त्याला 1.701 ने गुणा. जीपच्या रिमवर ते अंतर 82 मिलिमीटर भरतं, म्हणजे वर्तुळ 139.7. महिंद्राच्या जुन्या जीपलाही तेच माप, मारुती जिप्सीलाही तेच. म्हणून जिप्सीचं 15 इंची रिम 'जीपचं' म्हणून विकलं जातं. ते बसतंही, पण ते जीपचं नव्हे.

सगळ्यात फसवं माप 98 आणि 100 मिलिमीटरचं. फियाट उनो-पालिओचं वर्तुळ 98, स्विफ्टसारख्या कितीतरी गाड्यांचं 100. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, चाक हबवर चढतंही. पण बोल्ट तिरके बसतात, आवळूनही पुन्हा सैल होतात. असं चाक फुकट मिळालं तरी घेऊ नका. आपल्या गाडीचं माप कुणाच्या तोंडून घेऊ नका. स्टेपनी काढून स्वतः मोजा आणि कागदावर लिहून न्या.

मापं जुळली की चाक सरळ आहे का ते बघा. ते हबवर चढवून फिरवा आणि कडेजवळ खडू स्थिर धरा. दीड-दोन मिलिमीटर डुललं तर चालेल. त्याहून जास्त असेल तर ते दुरुस्तीचं चाक, भाव त्याच हिशेबाने. बोल्टांची भोकं लांबट झाली असतील किंवा मधल्या तबकडीला तडा असेल, तर सौदा तिथेच सोडा. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, त्या चाकावर घरची माणसं बसणार आहेत. ताजा चकचकीत रंग दिसला तर तो कशावर मारलाय हे आधी नखाने खरवडून पाहा.

आता भाव. बांधलेला दर कुठेच नाही. खालचे आकडे मी स्वतः ज्यांच्या वर जाणार नाही असे आहेत. तळ भंगाराचा: सहा-सात किलोचं रिम, किलोला तीस रुपये धरले तर लोखंड म्हणून दोनशेच्या आसपास. पद्मिनीचं सरळ, न सडलेलं रिम हजार, फार तर बाराशे. अॅम्बॅसडरचं तेवढंच. ती गाडी 2014 पर्यंत उत्तरपाड्यात बनत होती, माल भरपूर आहे, दुर्मीळ म्हणून कुणी फुगवलं तर पुढे चला. जीपचं साधं रिम दोन हजारापर्यंत.

जीपचं 'कॉम्बॅट' रिम मात्र वेगळी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं हे दोन भागांचं, बोल्टांनी जोडलेलं रिम. याची मागणी कितीतरी पट जास्त असते, आणि नकलाही निघतात. गाडी मूळ लष्करी रूपात उभी करायची असेल तरच त्या वाटेला जा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय त्या रिमचे बोल्ट सैल करायचे नाहीत. दाबाखाली रिम उडून जीव जाऊ शकतो.

तारांची चाकं एमजीसारख्या जुन्या इंग्रजी गाड्यांची. इथे तारांपेक्षा आतले दाते महत्त्वाचे. दाते झिजून टोकदार झाले असतील तर चाक बाद, आणि बहुधा हबही. प्रत्येक तार बोटाने वाजवा, सैल तारेचा आवाज बसका येतो. ब्रिटनमध्ये नव्या चाकाला दोनशे पौंडांच्या पुढे पडतात, वर वाहतूक आणि जकात. म्हणून चांगल्या जुन्या जोडीला भाव आहे, पण दाते पाहिल्याशिवाय नाही. अशा चाकांत ट्यूब लागतेच.

लोक रिमवर शंभर रुपयांसाठी तासभर भांडतात आणि खरा खर्च विसरतात. पद्मिनीचा हिशेब मांडू. स्टेपनी धरून पाच रिमं पाच हजार. वाळूचा मारा करून रंग, नगाला सातशे धरून साडेतीन हजार. टायर तीन हजारांनी पंधरा हजार, ट्यूब दोन हजार, बसवणं आणि बॅलन्सिंग हजार. एकूण साडेसव्वीस हजार, त्यात निम्म्याहून जास्त टायरचे. म्हणून आधी आपल्या मापाचा टायर कुठे मिळतो याची खात्री करा, मग रिम घ्या. 'रिमसोबत टायर फुकट' असेल तर कडेवरचा आकडा वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपलीकडचं रबर मी रस्त्यावर नेणार नाही. तीनच आकडे दिसले तर तो टायर 2000 च्या आधीचा.

उज्जैनला जोड जुळली नाही तर इंदूर 55 किलोमीटरवर आहे. पुढे मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि दिल्लीचं मायापुरी.

कागदांचंही पाहा. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यासाठी सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000, मुदत दहा वर्षं. 1974 ची पहिली पद्मिनी आता त्या वयाला पोचली आहे. रॅलीत मूळ रूपाला गुण असतात, तिथे मूळ लोखंडी रिम आणि क्रोमची टोपी कुठल्याही अॅलॉयपेक्षा वरचढ ठरते. घरातली जुनी रिमं भंगारात देऊ नका.

पैसे देताना विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख असलेली पावती घ्या. चोरीच्या मालाचा प्रश्न आला तर तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो. आणि चार चाकांचा सौदा करू नका, पाचवं त्याच वेळी मागा. एकटं पाचवं नंतर शोधायला गेलात की विकणारा सांगेल तो भाव द्यावा लागतो.