भाचेबाई, येताना दाजींच्या पट्ट्या आण

भाचेबाई, एफवाय बीकॉमला प्रवेश झाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. "सायन्सला नाही का मिळालं?" असं भावकीत कोण कोण विचारतंय, तेही सांगितलं. विचारू दे. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना पतसंस्थेतलं आपलं व्याज कसं काढलंय ते कळत नाही. मी उभा जन्म खतावणीवर मान मोडून काढला, म्हणून चार गोष्टी सांगतो. पटतील त्या घे.

पहिल्याच आठवड्यात तुझा गोंधळ उडणार, तो आधीच सोडवून ठेवू. सर सांगतील, बँकेत पैसे भरले की बँक खाते नावे. तू घरी येऊन पासबुक उघडशील, तर तिथं तीच रक्कम जमेला! मग वाटेल, सर चुकले की बँक? कोणीच नाही. पासबुक ही तुझी वही नाही, बँकेनं तिच्या वहीत उघडलेलं तुझं खातं आहे. तू पैसे दिलेस म्हणून बँक तुझं देणं लागते, तिच्या लेखी तू जमेला. तुझ्या वहीत बँक तुझं येणं, म्हणून ती नावे. एकच रक्कम, दोन वह्या. हे ज्याला पासबुक हातात धरून कळलं, त्याला बँक जुळवणी पत्रक पाठ करावं लागत नाही. बाकीची पोरं तीन वर्षं नियम घोकतात आणि परीक्षेच्या हॉलमध्ये विसरतात.

आता दाजींच्या पट्ट्या. गेल्या दिवाळीला तुमच्याकडं आलो तेव्हा फडताळातल्या खिळ्याला टोचलेल्या कांद्याच्या विक्रीच्या पट्ट्या पाहिल्या. वरच्या पट्टीत 40 गोण्या, वजन 20 क्विंटल, भाव 1,400. म्हणजे 28,000. खाली हमाली-तोलाई 600, गाडीभाडं 1,400, उचल 10,000. हातात आले 16,000. दाजी म्हणाले, "या खेपेला सोळाच हजार झाले." पोरी, झाले अठ्ठावीस. सोळा हातात आले. हमाली आणि भाडं हा खर्च, तो उत्पन्नातून गेला. पण उचल हा खर्च नव्हे. ते आडत्याकडून लागवडीच्या वेळी घेतलेलं देणं होतं, ते फिटलं. ज्या दिवशी उचल घेतली त्या दिवशी दाजींना वाटलं पैसे आले, आणि ज्या दिवशी फिटली त्या दिवशी वाटलं पैसे गेले. दोन्ही वेळा नफ्या-तोट्याचा काही संबंध नव्हता. नफा काढायचा तर रोप, खत, औषध, मजुरी, खुरपणी धरावी लागेल, आणि तुझ्या आईची मजुरीही, जी कोणी कधीच लिहीत नाही.

पुस्तकात 'भांडवली जमा' आणि 'महसुली जमा' असा धडा येईल. त्या दिवशी ही पट्टी आठव. पुस्तकात मुंबईतल्या कुठल्या तरी फर्निचरवाल्याचं उदाहरण असतं. त्याच्या फर्निचरचं आपल्याला काय?

गणितं स्वतःच्या हातानं सोडव. मोबाइलवर सोडवलेलं उत्तर बघितलं की कळल्यासारखं वाटतं, तिथंच घात होतो. मी नोकरीला नवा होतो, तेव्हा एका संध्याकाळी तेरीज 900 रुपयांनी जुळेना. आठ वाजले, शेवटची एसटी गेली. म्हातारे हेडक्लार्क पान तोंडात धरून म्हणाले, "नवानं भाग जातो का बघ." गेला. "मग आकडे उलटे पडलेत, शोध." दहा मिनिटांत सापडलं, 5,400 च्या जागी मी 4,500 खतावले होते. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला नऊनं भाग जातोच. आणि रक्कम चुकून दुसऱ्या बाजूला गेली असेल तर फरक दुप्पट पडतो, म्हणून फरकाचा निम्मा आकडा शोधायचा. आता संगणक बेरजा चुकत नाही, पण आकडे टाकणारं बोट माणसाचंच आहे.

आणि तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर, असंही समजू नकोस. आमच्या संस्थेत एकाच गावचे, एकाच नावाचे दोन सभासद होते. एकाचा कर्जाचा हप्ता मी दुसऱ्याच्या खात्यावर जमा केला. तेरीज पैशाला पैसा जुळली. मार्चअखेरीला बिचाऱ्या पहिल्याच्या घरी थकबाकीची नोटीस गेली, ती नेमकी मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी. पाहुण्यांसमोर. तो माणूस पावती घेऊन आला आणि टेबलावर ठेवून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. त्यानंतर नाव वाचून मी कधी रक्कम टाकली नाही, खाते क्रमांक वाचूनच टाकली.

आपल्या जिल्ह्यात कॉमर्स शिकणाऱ्याची एक चैन आहे, ती पुण्याच्या पोरांना नाही. वळणावळणावर पतसंस्था, सोसायटी, दूधसंघ, साखर कारखाना. प्रवरानगरचा कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला तो विठ्ठलराव विख्यांनी शेतकऱ्यांकडून गोळा केलेल्या भागांवर, आणि पहिले अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. भागभांडवल म्हणजे काय ते समजून घ्यायला आणखी कुठं जायचं? दरवर्षी वार्षिक सभेआधी सभासदांना अहवाल येतो. आपल्या घरात तो पापड वाळवायला वापरतात. तो मागून घे आणि मागच्या पानांपासून वाच. ताळेबंदात डाव्या बाजूला भांडवल व देणी, उजव्या बाजूला मालमत्ता व येणी. कायद्यानं निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीला गेला पाहिजे, आणि लाभांश सहसा 15 टक्क्यांवर वाटता येत नाही. हे दोन आकडे तपास. मग थकबाकी बघ. आणखी एक, बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. जास्तीच्या एक-दीड टक्क्यासाठी म्हातारपणाची पुंजी कुठं ठेवायची, हा प्रश्न तुझ्या आजीनं मला विचारला होता. मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. तू देशील.

पुस्तकांचं म्हणशील तर अकाउंट्सचं जुनं पुस्तक बिनधास्त घे, नावे-जमेचे नियम काही बदलत नाहीत. कराचं पुस्तक मात्र कधी जुनं घेऊ नकोस. 1961 चा आयकर कायदा गेला, 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा लागू. कलमांचे क्रमांक बदलले, 'मागील वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. जीएसटीचे दरही सप्टेंबर 2025 मध्ये बदललेत. सीनियर ताईनं फुकट दिलेलं पुस्तक फार महागात पडेल.

सीएचं भूत डोक्यात कोणी घालेल. घालू दे, पण स्वतःचा हिशोब स्वतः मांड. आता फाउंडेशन द्यायची नसेल, तर वाणिज्य पदवीला 55 टक्के मिळवून थेट इंटरमीजिएटला जाता येतं. दोन्ही ग्रुप सुटले की दोन वर्षांची आर्टिकलशिप. म्हणून 55 च्या खाली घसरू नकोस, एवढं तर तुझ्या हातात आहे. सीए नाही केलं म्हणून काही अडत नाही. सहकार खात्याची जीडीसी अँड ए परीक्षा पदवीनंतर देता येते. पुढं अनुभव जमवला की सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करण्याची वाट उघडते. सहकार कायद्यात प्रमाणित लेखापरीक्षकाला मराठी येणं लागतं. इंग्रजीवाल्यांच्या रांगेत मागं पडतेय असं वाटलं की हे आठव. तरीही इंग्रजी शब्द टाळू नकोस. वहीच्या एका बाजूला तेरीज, समोर ट्रायल बॅलन्स, असं लिहीत जा. मुलाखत घेणारा बहुधा दुसरा शब्द वापरतो.

टॅलीचे वर्ग दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत कर, आधी नको. आधी हातानं लिहिलं नसेल, तर टॅली म्हणजे नुसती बटणं. एक्सेल मात्र आजपासून.

रोजचा पारनेर-नगर प्रवास आहे. सकाळच्या गाडीत डुलकी लागेल, लागू दे. परतीच्या गाडीत माळीवाड्यावर जागा मिळाली, तर त्या दिवशीचं एक गणित मनात फिरव. ज्या दिवशी बस उशिरा आली, त्या दिवशी ज्या तासाला मुकलीस त्याची मैत्रिणीची वही त्याच आठवड्यात उतरवून घे. पुढच्या आठवड्यात ती मैत्रीणच येत नाही.

रविवारी ये. येताना दाजींच्या पट्ट्यांचा गठ्ठा, पासबुक आणि एक दोनशेपानी वही आण. रेघा मी मारून देतो. तुझी मामी म्हणते पुरणपोळी करते, पण आधी जून महिन्याचा हिशोब लिहून होईल, मगच ताट.