उलटलेला रकाना आणि प्रथिनाची रचना

ठाण्याच्या खाडीलगत तुर्भे येथे असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या 'इंडस-२' या सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास करण्यासाठी क्ष-किरणांची स्वतंत्र शलाका उभारली आहे. प्रथिनाची रचना कळली म्हणजे औषधांचा शोध सुकर होतो. मात्र शलाका कितीही प्रखर असली, तरी निष्कर्षाची विश्वासार्हता आकडेवारीच्या संस्करणावरच अवलंबून असते.

स्फटिक उणे १७३ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवून थोडा थोडा फिरवितात व टप्प्याटप्प्याने प्रतिमा घेतात. प्रतिमेवरील प्रत्येक ठिपक्याला संगणक निर्देशांक देतो, त्याची तीव्रता मोजतो आणि समान ठिपक्यांची मापे ताडून एकत्र करतो.

दोष व उपाय

(१) शलाकेचा मध्यबिंदू चुकीचा नोंदला गेल्यास सर्व निर्देशांक एका घराने सरकू शकतात व रचना उलगडत नाही. म्हणून तो प्रथम पडताळावा.

(२) स्फटिकाभोवती बर्फ जमल्यास ३.९, ३.६७ व ३.४४ अँगस्ट्रॉमच्या सुमारास कडी उमटतात. तेवढ्याच पट्ट्यातील मापे वगळावीत.

(३) किरणांमुळे स्फटिक झिजतो. नंतरच्या प्रतिमांची मापे आधीच्यांशी जुळेनाशी झाल्यास त्या बाजूला ठेवाव्यात.

(४) सममिती प्रत्यक्षाहून अधिक गृहीत धरल्यास समान मानलेल्या ठिपक्यांत तफावत पडते. अशा वेळी कमी सममितीपासून पुन्हा आरंभ करावा.

एक बोधप्रद उदाहरण

काही दोष मात्र तफावत न दाखविताच दडून राहतात. अमेरिकेतील संशोधक जेफ्री चँग यांनी २००१ मध्ये 'एमएसबीए' या जिवाणूच्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. २००६ मध्ये झुरिच येथील रॉजर डॉसन व कास्पर लोकर यांनी त्याच कुळातील 'सॅव्ह१८६६' ची रचना मांडली, तेव्हा दोहोंचा मेळ बसेना. चँग यांच्या प्रयोगशाळेतील आज्ञावलीने जोडीच्या मापांचे दोन रकाने परस्परांत बदलले होते. त्यामुळे चिन्ह उलटले आणि रचना आरशातील प्रतिबिंबासारखी विपरीत झाली. डिसेंबर २००६ मध्ये चँग व सहकाऱ्यांनी तीन शोधनिबंध मागे घेतले आणि २००७ मध्ये 'एमएसबीए'ची सुधारित रचना प्रसिद्ध केली.

आकडे काटेकोर असले, तरी रकाना चुकला की निष्कर्ष उलटतो. म्हणूनच नवी आज्ञावली प्रथम ज्ञात रचनेवर तपासून घ्यावी, मूळ प्रतिमा जतन कराव्यात आणि दुसऱ्याने केलेल्या पडताळणीचे स्वागत करावे. शाळेच्या प्रयोगवहीस आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीसही हाच नियम लागू पडतो.