बरगडीवर नेम धरू नकोस

चि. ओंकार,


तुझ्या आईने फोनवर सगळं सांगितलं. त्या मुलाने तुझ्या चेंडूवर होम रन मारला, बॅट भिरकावली आणि चेंडू कुंपणापार जाईपर्यंत बघत उभा राहिला. आता शनिवारी तो समोर आला की त्याच्या बरगडीत चेंडू घाल, असं संघातली मोठी मुलं तुला सांगताहेत. खेळाचा अलिखित नियमच आहे म्हणे.

असा नियम आहे, हे खरं. व्यावसायिक खेळाडूंनीही तो पाळला आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये टोरांटोच्या होजे बाउतिस्ताने टेक्सासविरुद्ध होम रन मारून अशीच बॅट भिरकावली. टेक्सासवाल्यांनी तो राग सात महिने जपला. मे २०१६ मध्ये त्याला चेंडू मारला, मग तो दुसऱ्या बेसवर मुद्दाम जोरात घसरत गेला, रूग्नेड ओडोरने त्याला ठोसा लगावला आणि दोन्ही संघ एकमेकांना भिडले. यात बेसबॉल कुठे होता, ते मला सांग.

बरगडीवर नेम धरलेला चेंडू बरगडीवरच लागेल, याची हमी कोण देणार? १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेजचा चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्याला लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. मेजने तो मुद्दाम टाकला, असं सिद्ध झालं नाही. तरी चॅपमन गेलाच. तुझ्या हाताला वेग आहे, म्हणून हे तुला सांगतोय.

सगळेच अलिखित नियम वाईट नाहीत. पिचरच्या माउंडवरून धावत जाऊ नये, हा मला पटतो. ती जागा त्याची. पण नो-हिटर चालू असताना, म्हणजे पिचरने एकही हिट दिलेला नसताना, बंट करू नये, बॅट नुसती चेंडूला टेकवू नये, हा मला कधीच पटला नाही. २००१ मध्ये बेन डेव्हिसने कर्ट शिलिंगविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये बंट केला आणि त्याला भित्रा म्हटलं गेलं. त्याचा संघ फक्त दोन धावांनी मागे होता! जिंकायचा प्रयत्न करणं हा अपमान कसा?

आता राग गिळणाऱ्या एका पिचरची, आर्मांडो गॅलारागाची गोष्ट. २ जून २०१०, डेट्रॉइट. सव्वीस बॅटर बाद, एकही पहिल्या बेसवर पोचलेला नाही. तोवरच्या साऱ्या इतिहासात परफेक्ट गेम झाले होते फक्त वीस. सत्ताविसावा बॅटरही स्पष्ट बाद होता, पण अंपायर जिम जॉइसने त्याला सेफ ठरवलं. गॅलारागा हसला. माउंडवर परत गेला आणि पुढच्या बॅटरला बाद करून सामना संपवला. नंतर जॉइसने चित्रफीत पाहिली आणि चूक उघडपणे कबूल केली. तो निर्णय मात्र बदलला नाही. दुसऱ्या दिवशी संघाची यादी होम प्लेटवर जॉइसच्या हातात द्यायला गॅलारागा स्वतः आला. जॉइसला डोळे पुसावे लागले. गॅलारागाने जे गमावलं, त्याच्यापुढे तुझ्या चेंडूवरचा तो होम रन केवढासा रे?

तू शनिवारच्या आधी प्रशिक्षकांना भेट. मुद्दाम कुणाला मारणार नाही, हे त्यांना सरळ सांग. ऐन सामन्यात सांगण्याची वेळ आणू नकोस. त्या मुलाला आतल्या बाजूने चेंडू जरूर टाक, प्लेटची आतली कड तुझी आहे. पण टाक तो त्याला बाद करायला. आणि चुकून लागलाच, तर तो उठून पहिल्या बेसकडे चालू लागेपर्यंत पाठ फिरवू नकोस.

तुझा,
सुहासकाका