खेळातील कथा आणि तिचा आश्रय
कथा केवळ छापील पानांवर वसत नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी’ या संगणकीय खेळात, असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या मुलीची कथा रचली. २०१७ मधील लोकवर्गणीचे आवाहन अपुरे पडले. सहसंस्थापिका श्रुती घोष यांनी स्वतःची सदनिका विकली. खेळ २०२० साली आला तो इंग्रजी निवेदनासह; हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लाभले. हा क्रम कथेच्या गरजेने नव्हे, ग्राहक कोठे आहे यावरून ठरला असावा, असे मला वाटते.

स्वाध्याय : राजी मुळशीतील रिहे गावची असती, तर भावाला कशी हाक मारती? तो आवाज ध्वनिमुद्रित करण्याचा खर्च कोणी उचलला असता?