कंट्रोल लाइन विमानाला इंजिन कोणतं?

प्रश्न : मुलासाठी कंट्रोल लाइनचं विमान बनवतोय. पंखांची लांबी ९० सेंमी, वजन अर्धा किलो. १.५ सीसी डिझेल घ्यावं की २.५ सीसी ग्लो?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : २.५ सीसी ग्लो घ्या. इंजिनावर ‘१५’ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, ते ०.१५ घनइंच, म्हणजेच जवळपास २.५ सीसी. १.५ सीसीवरही विमान उडेल, पण वारा सुटला की तारा सैल पडतील आणि तारा सैल म्हणजे ताबा गेला.

डिझेलला प्लग-बॅटरी लागत नाही, हे खरं. पण त्याच्या इंधनातलं ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार. झाकण उघडं राहिलं की ईथर उडालंच, मग इंजिन सुरू होताना रडवतं.

ग्लोच्या इंधनात मिथेनॉल आणि साधारण २० टक्के एरंडेल असतं. मिथेनॉल विषारी असून त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. भरणं मोठ्यांनीच करावं. पंखा बोटाने नव्हे, जाड काडीने फिरवा. पऱ्हाट्या उपटलेलं मोकळं रान निवडा. तारा पोलादी, सुमारे १५ मीटर. विजेच्या तारांच्या आसपास मात्र अजिबात उडवू नका.